धोतरावरचा दहावा सिनेमा

नंदू, तू माझ्याशी एक खोटं बोललास. एकच, पण सात वर्षं न चुकता बोललास. आता ते खोटं होतं की तुझी तशी समजूतच होती, हे विचारायला तू नाहीस. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुला जाऊन साडेतीन आठवडे झाले. जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलतोय आणि मला त्याचा आता वीट आलाय. ऑफिसात तुझ्या खुर्चीवर कुणीतरी हार ठेवला, तो वाळून गेला तरी उचलायची कुणाची हिंमत होत नाही. घरमालकीणबाईंशी तू पाण्याच्या टाकीवरून दर महिन्याला वाद घालायचास. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "ऐसा लड़का नहीं देखा जी, कभी ऊँची आवाज़ नहीं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, मग दर रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर कोण ओरडायचं, मी एकटाच? तेव्हा कुणीतरी तुझ्याशी नीट भांडायला पाहिजे आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

रविवारचा नियम तुझा. जयपूरच्या बनी पार्कातल्या या दोन खोल्यांत आपण एकत्र राहायला आलो तेव्हा तू अकोल्याचा, मी कराडचा आणि दोघांची कंपनी एक, एवढंच एकमेकांबद्दल माहीत होतं. पहिल्या रविवारी जेवण झाल्यावर मी म्हणालो, नवा कुठला तरी सिनेमा लावू. तू गादीवर आडवा होतास. तिथूनच म्हणालास, "नवा कायले बे? हप्ताभर ऑफिसात नवीनच चालू असते. रविवारी मानसानं ओळखीच्या घरी जाव." तेव्हापासून रविवारी दुपारी नवा सिनेमा बंद. पाहिलेलाच पाहायचा. मला आधी हा शुद्ध आळस वाटला. मग सवय झाली, आणि नंतर नंतर शनिवारपासूनच मला त्याची ओढ लागायला लागली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते डोक्यावर घेऊन नाचला असतास.

दशक संपलं त्या आठवड्यात तू लोखंडी कपाटाच्या दाराला आतून मार्करनं लिहिलंस, "दशकातले दहा". खाली एक ते दहा आकडे. अटी तुझ्याच: सिनेमा निदान पाच वेळा पाहिलेला हवा, मधूनच बसलं तरी उठवत नाही असा हवा, आणि दोघांचीही हरकत नको. सिनेमाची खरी नावं तुझ्या कधी लक्षात राहायची नाहीत, म्हणून आपण त्यांना घरातली नावं दिली होती. "विहिरीवाला" पहिला. अख्खं गाव विहिरीत पडलेली मोटर काढायला जमतं आणि मोटर सोडून बाकी सगळं वर येतं, तो. मग "वकीलबाई", ज्यात ऐन निकालाच्या वेळी तिला उचकी लागते. मग "भाडेकरूंना भिणारं भूत". "होडीवाला" पाचवा, त्यात तू दर वेळी रडायचास आणि कूलरचं पाणी उडालं म्हणायचास. नऊ जागा दोन महिन्यांत भरल्या. दहावी आजतागायत भरली नव्हती.

त्याआधी पडद्याचं सांगतो. प्रोजेक्टर तू कुणाकडून तरी जुना आणलास, पण पडदा नव्हता. घरात चादर होती ती सांगानेरी छापाची. पहिले तीन महिने आपण सगळे नायक गालावर लाल बुट्टे घेऊन पाहिले. चादर उलटी करून पाहिली, तरी बुट्टे दिसायचेच. मग तुझ्या आईनं तुझ्या चुलतभावाबरोबर लिंबाचं लोणचं पाठवलं. बरणी फुटू नये म्हणून तिला एका जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळलं होतं. बरणी फुटली नाही, पण गळली. तू धोतर सोडवलंस, खिडकीशी नेलंस आणि उजेडात धरून काठ बोटांनी चाचपलास. मी विचारलं, "कुणाचं रे?" तर म्हणालास, "पडदा आला बे." दोनदा धुतलं तरी उजव्या कोपऱ्यातला हळदीचा डाग गेला नाही. ते आडवं टांगलं की सिनेमा छान लांबरुंद दिसायचा. दशकातल्या सगळ्या नायिकांच्या पायाशी मात्र लोणचं सांडलेलं असायचं.

सिनेमा लावायच्या आधी, एक वाजता, तुझा घरी फोन. तू कपड्यांच्या घड्या घालत बोलायचास, म्हणून फोन स्पीकरवर. आईनं फोन उचलला की मागचा टीव्ही बंद व्हायचा. मग एक जाड, पुरुषी आवाज हळूच यायचा, "विचार त्याले, जेवला का." आणि मग आई, जणू तिलाच सुचलंय अशा सुरात, "जेवला का रे बाबू?" कुकरची एकही शिट्टी झालेली नसायची. तरी तू म्हणायचास, "जेवलो आई." त्या मागच्या आवाजाबद्दल तू कधी एक शब्द काढला नाहीस. पहिलं वर्षभर मला वाटलं, तुमच्याकडे असंच बोलत असतील.

कानोत्याच्या धरणावर आपण एकदा गेलो होतो, तिथं तू सांगितलंस. वडील एसटीत ड्रायव्हर, सगळी हयात त्यात गेलेली. त्यांच्या ओळखीनं तुला शाळेत मास्तरकी लागली आणि तू ती आठ महिन्यांत सोडलीस, जयपूरच्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसायला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "जाचं तं जा," म्हणाले, "पन सणासुदीले येऊन नाटकं करू नको." तू ते सरकारी हुकमासारखं पाळलंस. सात वर्षांत एकदाही घरी गेला नाहीस. दोन दिवाळ्या तू माझ्या घरी कराडला काढल्यास, माझ्या आईच्या हातच्या चकल्या खात. बाकीच्या इथंच. आणि अकोल्याला थांबणारी गाडी आपल्या घरापासून दहा मिनिटांवरच्या स्टेशनातून सुटते. गच्चीत कपडे वाळत घालताना तिची घोषणा ऐकू येते. त्या वेळी तू मला काहीतरी विचारायला लागायचास, आज भाजी कुठली आणायची, असलं काहीही.

आता दहावा.

"शिंप्याचा" सिनेमा कुणीच पाहिला नसेल, तो कुठं लागलाही नव्हता बहुधा. तुझ्या हार्डडिस्कवर कुठून आला देव जाणे. लहान गावातला शिंपी आणि त्याचा मुलगा. मुलगा भांडून घर सोडतो. बाप त्याच्यासाठी शिवलेला सदरा घेऊन बसस्टँडवर धावत येतो, तोवर बस हलते. मुलगा खिडकीत बसलाय, त्यानं बापाला पाहिलंय, आणि तो तोंड फिरवतो. बस कोपऱ्यावर वळते. तिथं तू रिमोट दाबायचास. "संपला."

"अजून अकरा मिनिटं आहेत, खाली दिसतंय की."

"पुढं म्हातारा मरते. कायले पाहाचं?"

हेच ते तुझं खोटं, किंवा जे काय असेल ते. मी ते मानलं. मानायला मला सोपं होतं, कारण माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले आणि सिनेमात म्हातारा मेलेला पाहायची मला काही हौस नव्हती. पण यादीत घालायला मी तयार नव्हतो. शेवट न पाहिलेला सिनेमा दशकातला चांगला सिनेमा कसा होईल, हा माझा सवाल होता. तुझं म्हणणं, "शेवट पाहिला नाही म्हनूनच तं पुन्हा पुन्हा पाहता येते ना बे." मी म्हणायचो, हा वकिली कावा आहे. तू म्हणायचास, कराडच्या लोकांना सगळ्याची पावती लागते. तो सिनेमा आपण बारा वेळा पाहिला आणि बाराही वेळा बस वळली की भांडलो. घरमालकीणबाई खालून काठीनं छत ठोकायच्या.

तेरावी वेळ तुझ्या जाण्याआधी तीन रविवार. बाहेर आंधी सुटली होती, खिडक्या लावून घेतल्या तरी दातांखाली रेती येत होती. बस कोपऱ्याशी आली आणि मी रिमोट आधीच माझ्या मांडीखाली घेतला होता.

"दे," तू म्हणालास.

"आज पाहायचा. पुरा."

"दे म्हटलं ना."

आणि मग मी ते बोललो. "मर्दा, तुझा बाप जिता आहे. सिनेमातल्या बापाला कशाला भितोस?"

तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. मोटारसायकलची किल्ली घेतलीस आणि त्या धुळीत निघून गेलास. रिमोट माझ्याकडे, घर रिकामं, अकरा मिनिटं समोर उभी. मी पाहू शकलो असतो. मी प्रोजेक्टर बंद केला. संध्याकाळी तू केसांत धूळ घेऊन आलास आणि काही झालंच नाही अशा थाटात कचोऱ्या पुढे ठेवल्यास. मीही त्याच थाटात खाल्ल्या. पुढचे दोन रविवार तू ऑफिसचं काम काढून बसलास आणि धोतर घडी होऊन कपाटात राहिलं.

मग तो बुधवार. तू बेसिनपाशी दात घासत होतास. तोंडात फेस, आरशात माझ्याकडे बघत म्हणालास, "या रविवारी शिंप्याचा लावू. पुरा. पाहू म्हातारा काय करते ते."

मी अजून फुगलेलो होतो. बूट घालत म्हणालो, "बघू."

गुरुवारी दुपारी तू ऑफिसातल्या खुर्चीतच मान टाकलीस. डॉक्टरांनी काय सांगितलं, कोण कोण धावलं, ते सगळं सांगणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ते "बघू" गिळता येत नाही. "लावू" म्हणायला किती वेळ लागला असता मला? आणि तू त्या दिवशी "काय करते" म्हणालास, "मरते" नाही म्हणालास. हे माझ्या लक्षात आलं ते तू गेल्यावर, स्मशानात उभा असताना.

तुझे बाबा त्या वेळी चुलतभावाबरोबर आले, अस्थी घेऊन गेले; मी तेव्हा त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. तेराव्यानंतर ते परत आले, एकटेच, तुझं सामान न्यायला. शनिवारी सकाळी दारात उभे. तू सांगायचास त्यापेक्षा पुष्कळ बुटके आहेत रे. तुझ्या बोलण्यातून मला वाटलं होतं दारात मावणार नाहीत. पांढरं धोतर, खांद्याला कापडी पिशवी, हातात पाण्याची बाटली. आत येऊन त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्याची जागा कोन्ती?" मी तुझी गादी दाखवली. त्यावर ते बसले नाहीत, शेजारी जमिनीवर बसले.

दिवसभर त्यांनी तुझे कपडे धुतले. ते धुतलेलेच होते. मी सांगितलंही, पण ते "हाव, हाव" करत एकेक बादलीत टाकत राहिले. मग गच्चीत वाळत घातले, चिमटे लावून, सगळे शर्ट एका बाजूला आणि सगळ्या विजारी एका बाजूला. मधेच स्टेशनातली घोषणा झाली, तीच, अकोल्याची. त्यांनी हातातला शर्ट तसाच धरला. "हे इथवर आयकू येते?" म्हणाले. मी हो म्हटलं. तसाच खाली निघून आलो. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

रविवारी एक वाजता त्यांनी घरी फोन लावला. बोलले फक्त, "हाव, जेवलो." ठेवला. मग मला म्हणाले, "रविवारी दुपारी तुमी सिनेमा पाहता, असं त्याची माय सांगे. त्याले कोन्ता आवडे?"

मी कपाटाचं दार उघडून त्यांना यादी दाखवली. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली, शाळेतल्या पोरासारखी, मोठ्यानं. भुताच्या सिनेमापाशी जरा हसले. दहाव्यापाशी बोट थांबलं.

"हे कोरं काहून?"

"त्याला एक घालायचा होता. मी घालू देत नव्हतो."

"तोच लाव मंग."

खरं सांगतो नंदू, मी "विहिरीवाला" लावू शकलो असतो. म्हातारा हसला असता, दोन तास बरे गेले असते. पण मला राग आला होता. सात वर्षं "विचार त्याले" म्हणणारा आणि स्वतः फोन हातात न घेणारा माणूस आता तुझे धुतलेले शर्ट धूत होता. मला वाटलं, पाहू दे यांना. बस वळताना पाहू दे. एवढा दुष्टपणा माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

मी धोतर टांगायला काढलं. ते उठून जवळ आले, काठ दोन बोटांत धरला आणि एका जागी अंगठा फिरवला.

"हे माह्यं आहे."

मी धोतराचं दुसरं टोक धरून ठेवलं.

"हे रफू म्याच केलं होतं. किती दिवस हुडकलं. ती म्हने, भांडेवालीले देलं."

"लोणच्याच्या बरणीला गुंडाळून आलं होतं, काका. आम्ही त्याचा पडदा केला."

त्यांनी हळदीच्या डागाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी मधली चुणी ताणून सरळ केली, खिळ्याला नीट गाठ मारली आणि येऊन बसले. माझा राग तिथंच गेला, पण आता सिनेमा बदलायला मला कारण सापडेना.

पाहताना ते फारसं बोलत नव्हते. शिंपी सुईत दोरा ओवतो तिथं म्हणाले, "चष्मा बदलाले पायजे याले." बसस्टँड आला तसे मात्र पुढं सरकले. शिंपी धावतोय, सदरा हातात, बस हललीय. माझा हात आपसूक रिमोटवर गेला. मी तो काढून घेतला.

"ड्रायव्हर चुकला," ते एकदम म्हणाले. "आरशात दिसते ना सगळं. मानूस धावत येताना दिसला तं म्या कधी गाडी हानली नाही. छत्तीस वर्षांत नाही. कोनीबी असो."

बस कोपऱ्याशी आली. वळायला लागली.

"बंद कर, बाबू."

मी दाबलं. नंदू, तीच जागा. एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. कूलर तेवढा चालू होता. ते पांढऱ्या धोतराकडेच बघत होते, त्यावर आता काही नव्हतं.

"त्याची गाडी सकाळी साडेनवाची होती," ते म्हणाले. "माह्यी ड्युटी होती. संगचा ड्रायव्हर म्हने, मी करतो तुयी ड्युटी, तू जाय पोराले सोडाले. म्या नाही म्हटलं." गुडघ्यावर हात चोळत राहिले. मग विचारलं, "पुढं काय होते?"

तुझं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. बारा वेळा ऐकलेलं. त्यांना ते सांगणं मला शक्य नव्हतं आणि दुसरं काही ठाऊक नव्हतं. "माहीत नाही काका. नंदूनं कधी पाहू दिलं नाही."

"त्यानं पाह्यलं होतं?"

"तेही माहीत नाही."

"तू पाहजो," ते म्हणाले. "अन् मले सांगजो. आता नाही. मी गेल्यावर पाहजो."

सोमवारी मी सामान बांधलं. धोतर धुऊन, घडी करून त्यांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं होतं. त्यांनी ते काढून माझ्या गादीवर ठेवलं. "तू कशावर पाहशीन?" म्हणाले. स्टेशनात खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा मी फलाटावर उभा होतो आणि ते माझ्याकडेच बघत होते, मी दिसेनासा होईपर्यंत.

आज रविवार. सकाळपासून घरात फिरतोय. तुझी गादी गुंडाळून भिंतीला लावलीय, तिच्यावर तीनदा आपटलो. एरवी रविवारी दुपारी मी इतका कशाकशाला वैतागलेला असायचो. तुझं पाय पसरणं, संवाद आधीच म्हणून टाकणं, उशीवर पडलेला कचोरीचा चुरा. आज वैतागायला काही नाही. या गावात मी सात वर्षं राहतोय आणि रविवारी दुपारी जाऊन बसावं असं माझं एकही घर नाही, कारण मला कधी गरजच पडली नाही. दोन वाजता धोतर टांगलं. प्रोजेक्टर लावल्यावर बघतो तर सवयीनं दोन उशा मांडल्या होत्या. दुसरी उचलली नाही.

पुरा पाहिला. बस वळली तेव्हा बोटं आपोआप आवळली गेली. आणि मग पुढं सुरू झालं, नंदू.

म्हातारा मरत नाही.

काही वर्षांनी मुलगा परत येतो. दुपारची वेळ आहे. शिंपी मशीनवर बसलाय, केस पिकलेत, चष्मा बदललाय. मुलगा दारात उभा राहतो. शिंपी बघतो आणि मशीन थांबवत नाही. शिवण पुरी करतो. दातानं दोरा तोडतो. मग म्हणतो, हातपाय धुऊन घे. आत जाऊन दोन ताटं वाढतो. मुलगा जेवतो आणि बाप त्याला जेवताना बघतो. एवढंच. कुणी रडत नाही, कुणी माफी मागत नाही, तो सदरासुद्धा पुन्हा दिसत नाही. संपतो.

अकरा मिनिटं, नंद्या.

तू ती पाहिली होतीस का? पाहून मला खोटं सांगत होतास, की पोरगा परत येतो हेच तुला बघवत नव्हतं? का तूही कधी पाहिलंच नाहीस आणि आपल्या मनानं म्हातारा मारून टाकलास? मला हे कधीच कळणार नाही. मी त्या आंधीच्या दुपारी एकट्यानं पाहिलं असतं तर तू परत आल्यावर तुला सांगितलं असतं. बुधवारी "लावू" म्हणालो असतो तर कदाचित त्याच दिवशी, ऑफिसातून आल्यावर लावला असता. तू तेवढ्यानं स्टेशनावर गेला असतास का? तुझा स्वभाव पाहता गेलाच नसतास. पण मला आता तसं म्हणता येत नाही, आणि हे मला आयुष्यभर पुरणार आहे. तुझ्याबरोबरच्या सगळ्या रविवारांबद्दल तुझे आभार मानायचे होते, ते या सगळ्यात मागे पडले. ते दिवस चांगले होते रे. कुणाच्या ओळखीच्या घरी जावं तसे होते, तू म्हणायचास ते खरं होतं.

कपाट उघडून मार्कर घेतला. दोघांची हरकत नको, ही अट. तुझी हरकत कधीच नव्हती, माझीच अडून बसली होती. दहाच्या पुढं लिहिलं, "शिंप्याचा". माझं अक्षर तुझ्या अक्षराखाली वेडंवाकडं दिसतं.

मग फोन लावला. तुझ्या बाबांनी स्वतःच उचलला. मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"काका, पाहिला."

"मरते का म्हातारा?" म्हणाले. मी त्यांना हे सांगितलं नव्हतं, नंदू. त्यांनाही तेच वाटलं होतं.

"नाही काका. मुलगा परत येतो."

 फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून काढून बघितला, चालू होता.

"बाप काही बोलला का त्याले?"

"नाही. हातपाय धू म्हणाला. ताट वाढलं."

"मंग जेवला का तो?"

"जेवला काका."

"पोटभर?"

"हो. पोटभर जेवला."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं बाबू."  मग मागून काकूंचा आवाज आला, बारीक, रडून बसलेला. "त्या पोराले विचारा ना, जेवला का."

"तू जेवला का?" त्यांनी विचारलं.

साडेचार वाजले होते. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. "जेवलो काका," मी म्हणालो. फोन ठेवला आणि उठून कुकर लावला. एकट्यापुरते तांदूळ किती घ्यायचे ते अजून जमत नाही, नंदू.